उजव्या बाजूला यायचं नाही

अण्णा, मला पिस्तूल घ्यायचं होतं, आणि विचारावं असं तुमच्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यांसमोर येईना. तुम्ही तर कधीचे गेलात. पण मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, तो उलट विचारत नाही की तुला कशाला पाहिजे. इथं ज्याच्याकडं विषय काढला त्यानं आधी तेच विचारलं. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. चौथीला होतं तिथंच आहे, आणि ते तिथं का राहिलं हेही तुम्हाला माहीत आहे. त्यावर येते पुढं.

आधी सगळं ओळीनं सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी शेपटाकडनं सुरू करते. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आमचे हे न्यूझीलंडला एका हॉटेलात तंदूर सांभाळायला आले, मागनं मी आले. तंदूरच्या धगीनं ह्यांचे डोळे जायची वेळ आली तेव्हा आम्ही पापाकुऱ्यात एक डेअरी घेतली. डेअरी म्हणजे आपलं दूध घालायचं केंद्र नव्हे. इथं कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दूध, पाव, खिमा भरलेल्या गरम कचोऱ्या, ज्यांना इथं पाय म्हणतात, पोरांच्या गोळ्या, आणि काउंटरच्या मागं कपाटात सिगारेटी. त्या सिगारेटींनीच घात केला. इथं सिगारेट इतकी महाग झालीय की चोर गल्ला सोडून आधी तिच्यावर हात टाकतो. गेल्या हिवाळ्यात भर दुपारी तिघं आली. टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या, एकाच्या हातात हातोडी. मी मागच्या खोलीत कांदा चिरत होते. काच फुटल्याचा आवाज आला, आणि मी पडदा सारून बाहेर येईपर्यंत गाडी निघूनही गेली होती. हे जमिनीवर बसलेले, मनगट पोटाशी धरलेलं. मला म्हणाले, "चहा टाक." एवढंच. मनगट जुळलं, पण त्या दिवसापासून माणूस पुढं येत नाही. मागं बसून खोकी फोडतात, फ्रीज भरतात, दाराची घंटी वाजली की हातातलं काम थांबवून कान देतात. पोलीस आले, फार गोड बोलले, जाताना एकानं दारातली चटई पायानं सरळ केली. चोर काही सापडले नाहीत.

आता काउंटरला मी असते, आणि मला प्रत्येकाचा संशय येतो. हुडी घातलेल्याचा येतो, न घातलेल्याचा जास्त येतो. जो "किया ओरा" असा इथला रामराम घालून हसतो तो हसतो कशाला, आणि जो हसत नाही त्याचं बिनसलंय कशावरनं. शेजारची म्हातारी रोज दूध न्यायला येते. परवा ती कपाटाकडं जरा जास्त वेळ बघत राहिली तर मी तिलाही दरडावलं, काय पाहिजे. बिचारी म्हणाली, चष्मा घरी राहिलाय गं. मी सॉरी म्हटलं नाही. तुमचीच पोरगी.

तुमचं ते वाक्य मला काउंटरला उभं राहिल्याशिवाय कळलं नव्हतं. तोंड बघू नको, हात बघ. फौजेतनं सुटून आल्यावर तुम्ही हळदीच्या व्यापाऱ्याकडं राखणीला लागलात. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. साहेब जातील तिथं त्यांच्या एक पाऊल मागं तुम्ही. सांगलीच्या पेठेत सौदे असले की मी तुमचा डबा घेऊन यायची. सगळीकडं हळदीचा धुरळा, पोती पिवळी, हमाल पिवळे, माणसांच्या पापण्या पिवळ्या. आणि मधोमध अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरवताहेत. वरनं नुसता रुमाल हलतो. साहेब खुशीत, आणि तुम्ही त्यांच्या मागं जबडा आवळून उभे, कारण सगळ्या पेठेत तेवढेच हात तुम्हाला दिसत नव्हते. रुमाल उठला की तुम्ही श्वास सोडायचात. मी डबा धरून ते बघत असायची. माझ्या बापाला काय आवडतं हे मला कधी नीट कळलं नाही, पण काय आवडत नाही ते मी फार लवकर शिकले.

पिस्तुलाचं खूळ ह्यांच्या धाकट्या भावानं घातलं. भावजी अमेरिकेत टेक्सासला असतात. फोनवर तोंड दाखवून बोलतात. "वहिनी, तिकडं काय दरोडेखोराला हळदीकुंकू लावून बसवायचं का? एक छोटंसं घ्या. मी रोज लावून फिरतो. देवळात जातो, मॉलला जातो, कुणाला पत्ता नाही." मग ते उभे राहिले, सदरा खाली ओढला आणि गोल फिरले. "दिसतंय का सांगा."

"दिसतंय की."

"कुठं?"

"पोट दिसतंय. त्याच्या आड तोफ ठेवली तरी दिसायची नाही."

मागच्या खोलीतनं हे हसले. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. तेवढ्यापुरते भावजींचे उपकार. नंतर ते मला शिकवायला लागले, पातळ बघा, लांडं बघा, पर्समध्ये ठेवू नका, चोर पर्सच आधी ओढतो, पण अगदी चिमुकलंही नको, ते हातात नाचतं. मी हूं हूं करत होते. मनात म्हटलं, बाबा, मी हे दहा वर्षांची असताना बघितलंय.

कारण तुमचं पिस्तूल मीच निवडलं होतं. तुम्हाला आठवतंय का कुणास ठाऊक. आई तापानं पडली होती, मला घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही मला कोल्हापूरला बरोबर नेलंत. दुकान माडीवर होतं. मालकानं हिरव्या कापडावर तीन मांडली. तुम्ही नेम कसा लागतो, गोळी किती लांब जाते, काही म्हणजे काही विचारलं नाही. एकेक कमरेला खोचलंत, वर सदरा सोडलात आणि मला म्हणालात, "दाराशी उभी राहा. मी काय करतो ते बघ आणि कुठं आहे ते सांग." मग तुम्ही वाकून चपलेचा पट्टा नीट केलात, खुर्चीत बसलात, फळीवरचं खोकं काढल्यासारखे हात वर केलेत. पहिलं मी लगेच दाखवलं. दुसरं तुम्ही बसल्यावर सापडलं, सदऱ्याला कोपरा आला. तिसऱ्याला मी बघतच राहिले.

"सांग की."

"नाही दिसत."

"नीट बघ."

"नाहीच दिसत, अण्णा."

मालक म्हणाला, "हे फार लहान पडेल, फौजी. मूठ पुरायची नाही. करंगळी खाली लोंबेल." तुम्ही म्हणालात, "लोंबू दे. हिला दिसलं नाही म्हणजे कुणालाच दिसायचं नाही." मी एवढी फुगले की जिना उतरताना पडणार होते. एसटीत तुम्ही मला आलेपाकाची वडी दिलीत, डाव्या खिशातनं. तेव्हापासून डावा खिसा आमचा झाला. साहेबांकडं कुठलं कार्य झालं की त्यातनं रुमालात बांधलेला पेढा निघायचा, कधी खारीक, कधी पेपरमिंट, आणि सगळ्याला हळदीचा वास. आणि उजवी बाजू, जिथं पिस्तूल असायचं, ती साहेबांची. त्याच रात्री जेवताना तुम्ही आम्हा भावंडांना बसवून सांगितलंत, "आजपासून माझ्या उजव्या बाजूला यायचं नाही. बिलगायचं तर डावीकडनं." आम्ही मुंड्या हलवल्या. मला वाटलं होतं, मी निवडलंय म्हणजे मला तरी सूट असेल.

मग माझ्या शाळेचं आलं. हायस्कूल पेठेच्या पलीकडं होतं आणि साहेबांचं त्या सुमारास कुणाशी तरी वाजलं होतं. तुम्ही म्हणालात, "तो रस्ता मला पसंत नाही." आई म्हणाली, "रस्त्याशी लग्न लावायचंय का तिचं?" तुम्ही हसला नाहीत. भाऊ त्याच रस्त्यानं गेले, त्यांच्या पायांना काही झालं नाही. मी चुलीपाशी राहिले. संशय तुमचा, आणि वर्ग माझा सुटला. इथं दुकानाचं काही पत्र आलं की मी अजून पोरीला फोटो पाठवते आणि ती काय म्हणते त्याची वाट बघत बसते. हे मी रागानं लिहीत नाही. बरं, लिहीत असेन रागानं.

तर मी ठरवलं, सरळ मार्गानं बघू. इथून जरा लांब गावाबाहेर पिस्तुलांचा क्लब आहे. व्हॅन काढली आणि गेले. माझ्याच वयाची एक गोरी बाई होती, गळ्यात कान झाकायचे ते जाडे डबे लटकलेले. फार अगत्यानं तिनं पेटी उघडून पिस्तुलं दाखवली. मी म्हटलं, ह्यातलं सगळ्यात लहान कुठलं, कपड्याखाली दिसणार नाही असं. तिचा हात थांबला. "कशासाठी, लव्ह?"

"दुकानासाठी."

तिनं पेटी मिटली. आपटली नाही, पण मिटली. म्हणाली, "बस जरा." मग तिनं समजावून सांगितलं की इथं पिस्तूल खेळापुरतं. लायसन काढायचं, क्लबात महिनोन्महिने यायचं, पुठ्ठ्यावर गोळ्या मारायच्या आणि कुलपाच्या पेटीत घालून सरळ घरी न्यायचं. कमरेला लावून फिरणं नाही, दुकानात ठेवणं नाही, जीव वाचवायला म्हणून तर नाहीच नाही. "आणि हे जे तू मला आत्ता सांगितलंस ना, ते दुसऱ्या कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला नाही आणि ज्याला पुठ्ठा मारायचाय त्याला आहे. ती म्हणाली, "हो, साधारण तसंच." प्रामाणिक बाई. चहा घे म्हणत होती, मी थांबले नाही. येताना सगळ्या रस्त्यात मला वाटत राहिलं की हिनं माझ्या व्हॅनचा नंबर टिपून घेतला असणार.

आणि मग तो. खालच्या अंगाला गाड्यांचे पत्रे ठोकायचं गॅरेज आहे, तिथं कामाला आहे. रोज सकाळी एक पाय आणि एक निळं थंड पेय घेतो, सॉस जास्त मागतो. चोरी झाली त्या आठवड्यात सगळ्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं, त्यानं सांगितलं नाही. मी क्लबातनं आल्यावर काही दिवसांनी त्यानं दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून काउंटरवर कोपर टेकलं आणि हळूच म्हणाला, "आंटी, तुला काही पाहिजे असेल तर मिळतं." मी विचारलं, काय मिळतं. त्यानं फोनवर चित्र दाखवलं. काळं, लांडं, तळहातात मावेल असं. "आईस्क्रीमच्या डब्यात घालून देतो. कुणाला कळायचं नाही." मी म्हटलं, विचार करते. तो गेल्यावर माझे संशय सुरू झाले. ह्यानं मलाच का विचारलं? हा त्या तिघांतला असेल तर? आधी हातोडीनं घाबरवायचं आणि मग येऊन विकायचं. की पोलिसांचा माणूस असेल, क्लबातल्या बाईनं पाठवलेला? सगळं शक्य होतं. आणि तरी, अण्णा, मी त्या चित्राची लांबी माझ्या बोटांवर मोजून ठेवली होती.

तुम्ही म्हणायचात ना, हत्यार घेण्याआधी ते अंगावर वागवून बघावं. मी शिलाई मशीन काढलं. आई तुमच्या सदऱ्यांना आतनं अस्तर लावायची तसा मी कुडत्याच्या आत उजव्या बाजूला जाड कापडाचा चोरखिसा शिवला, तोंड तिरकं, हात सरळ जाईल असा. आता त्यात वजनाला ठेवायचं काय? फार शोधावं लागलं नाही. आईचा लोखंडी खलबत्ता मी इथं सामानात घालून आणलाय, विमानतळावरच्या माणसानं तो उलटासुलटा करून बघितला होता. त्यातला बत्ता घेतला आणि खिशात टाकला. टाकताना मला हसू आलं, कारण हा बत्ता कमरेला लागायची ही पहिली खेप नव्हती.

निवडणुका लागल्या की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. म्हणजे जेव्हा गावात माणसं खरोखर एकमेकांच्या जिवावर उठायची, नेमके तेव्हाच तुम्ही मोकळ्या कमरेनं साहेबांच्या मागं उभे. पण हे कुणाला कळता कामा नये. म्हणून तुम्ही गुपचूप आईचा बत्ता पिस्तुलाच्या चामड्याच्या खोळीत घालून जायचात, सदऱ्याला रोजच्यासारखा जडपणा यावा म्हणून. आईला पहिल्या वेळी माहीत नव्हतं. ती सगळं स्वयंपाकघर पालथं घालतेय, "बत्ता कुठं गेला, बत्ता कुठं गेला," आणि तुम्ही दारात चपला घालताहात. शेवटी तिनं तुमच्या चालीवरनं ओळखलं. "अहो, तुमच्या साहेबाच्या इलेक्शनपायी माझी चटणी अडलीय." तुम्ही म्हणालात, "तांब्याच्या बुडानं ठेच." मतमोजणी होईपर्यंत आम्ही लसूण तांब्याच्या बुडानं ठेचला. एवढ्यावर आम्ही भावंडं कित्येक वर्षं हसलो.

तर मी तो बत्ता लावून दुकानात उभी राहायला लागले. वाकून दुधाचे कॅन ठेवून बघितले, स्टुलावर बसून बघितलं, वरच्या फळीवरनं चिप्सचे पुडे काढून बघितले. कुणाला दिसलं नाही. म्हातारीला दिसलं नाही, ह्यांना दिसलं नाही. मला बरं वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू. दाराची घंटी वाजली की हात आपोआप तिथं जायचा. मी गिऱ्हाइकाला तिरकी उभी राहायला लागले, उजवं अंग भिंतीकडं. तुमचा फोटो आहे ना साहेबांच्या मुलाच्या मुंजीतला, त्यात तुम्ही जसे उभे आहात तशी. लसूण मी वाटीच्या बुडानं ठेचत होते.

अशात सुट्टीला पोरगी आली. ती क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहते, नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. सकाळी मी ओट्याशी पोळ्या लाटतेय आणि ती चहात आलं घालायचं म्हणून कपाटं उघडतेय. "मम, बत्ता कुठंय? नुसता खलच आहे." मी म्हटलं, "असेल कुठंतरी. सुरीनं चिर." ती काहीतरी पुटपुटली, आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मागनं येऊन तिनं मला मिठी मारली. उजवीकडनं. मी कोपर मारलं. विचार केला नाही, ठरवलं नाही, कोपर गेलंच. ती फ्रीजवर जाऊन आदळली, वरचं केळ्यांचं ताट खाली आलं. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "सांगितलंय ना, उजव्या बाजूला यायचं नाही."

तिला मी असं काही कधीच सांगितलं नव्हतं.

ती सावरून उभी राहिली. मग पुढं आली, मला काही कळायच्या आत कुडतं उचललं आणि खिशातनं बत्ता ओढून काढला. आधी ती हसली. इतकी हसली की खाली बसली. "ओ माय गॉड, मम, तू चोराची चटणी करणार होतीस?" मीही हसले. मग तिनं खिसा बघितला, त्याची शिवण बोटानं चाचपली, आणि तिचं हसू गेलं. खिसा बत्त्याच्या मापाचा नव्हता हे तिला कळलं. तिनं विचारलं, "हे कशासाठी शिवलंयस?" मी सांगितलं. क्लब सांगितला, तो पायवाला सांगितला, सगळं सांगितलं. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. खांदा चोळत म्हणाली, "पण तू नेहमीच असं करतेस."

"काय करते?"

"कोपर नाही. पण त्या बाजूनं कुणाला येऊ देत नाहीस. शाळेतनं आले की तू वळायचीस आणि हा हात पुढं करायचीस. डावा. लहानपणी मला वाटायचं, तुझी ती बाजू दुखते."

पोळी तव्यावर जळत होती. मी गॅस बंद केला नाही. मागच्या खोलीतनं हे आले, खाली पडलेली केळी उचलली, बत्ता पोरीच्या हातातनं घेतला आणि म्हणाले, "आण इकडं. आलं मी कुटतो." कुटत असताना आमच्या दोघींकडं पाठ करून म्हणाले, "माझ्याशीही तसंच." बस, तेवढंच. सगळा संसार झाला आणि माणसानं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायवाला आला. पोरगी आत होती. त्यानं पाय घेतला, सॉस मागितला आणि कोपर टेकलं. "मग, आंटी? ठरलं का?" मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्या दिवशी त्यानं जॅकेट घातलं होतं आणि त्याचा डावा हात सॉसच्या बाटलीपाशी होता. उजवा अंगापासनं किंचित सुटा, जसा काखेत गळू झाल्यावर माणूस धरतो. मी म्हटलं, "फ्रीजच्या खालच्या कप्प्यातनं मला एक दूध काढून दे, कंबर धरलीय." तो वाकला. मी बघितलं. तो उठला तेव्हा मी बोट दाखवलं. "तिथं आहे. पुढं, पट्ट्याच्या आत, उजवीकडं." त्याचा चेहरा पाण्यात भिजवलेल्या पावासारखा झाला. मी म्हटलं, "हेच विकायला आणलंस ना? मला दिसतंय. जे दिसतं ते आमच्यात घेत नाहीत." त्यानं दुधाचा कॅन तिथंच जमिनीवर ठेवला आणि गेला. पाय काउंटरवरच राहिला. पडद्यामागं पोरगी फोन कानाला लावून पोलिसांशी बोलत होती, आणि तिचा हात एवढा थरथरत होता की मी तो धरला. माझा मात्र थरथरत नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तो परत आला नाही. पोलीस येऊन सगळं विचारून गेले. मी अजून प्रत्येकाचे हात बघते. हे आता सकाळी थोडा वेळ पुढं येऊन उभे राहतात, म्हणतात, तू जरा बस. मला त्याचाही संशय आला होता की पोरीनं सांगितलं असणार. सांगितलं होतंच.

आता मला जे विचारायचंय ते. त्या इलेक्शनची आमची जी हसायची गोष्ट आहे ना, तिचा उरलेला भाग आम्ही कधी सांगत नाही. आई बत्ता बत्ता करून ओरडली, सगळे हसले, आणि मला एकदम उमगलं की आज तुमच्या कमरेला पिस्तूल नाही. नुसता बत्ता आहे. म्हणजे आज सगळीकडनं चालतं. मी पळत आले आणि तुम्हाला उजवीकडनं मिठी मारली, गच्च, दोन्ही हातांनी. तुम्ही मला झटकलंत. माझं कपाळ चौकटीवर आपटलं. "सांगितलंय ना," असं तुम्ही म्हणालात, आणि पुढचं वाक्य मी वर लिहिलंच आहे. आई म्हणाली, "बत्ता उडणार होता काय तो?" तुम्ही चपला घालून गेलात. संध्याकाळी डाव्या खिशातनं दोन पेढे निघाले. मी एक भावाला दिला, दुसरा खाल्ला. ती खोक अजून माझ्या भुवईत आहे.

अण्णा, तेव्हा तर बत्ताच होता ना? मग कशाला भ्यालात? इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला माझा संशय होता. लहान पोरगी, हात लावेल, काहीतरी ओढेल. म्हणूनच शाळा, म्हणूनच रस्ता. त्या दिवशी पोरगी फ्रीजवर आदळली तेव्हा कळलं की त्यात पोरीचा काही संबंधच नव्हता. कुणीच नको होतं त्या बाजूला. त्या बाजूला माणूस उरलेलाच नव्हता. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, एवढंच सांगा. माहीत असलं तर मी रागावेन. नसलं तर काय करू ते मला कळत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा भावानं पिस्तूल आधीच ठाण्यात नेऊन दिलं होतं. तुम्हाला अंगणात निजवलं होतं, अंगावर नवं कापड. बायका म्हणाल्या, उजवीकडं जागा आहे, तिकडं बस. मी ऐकलं नाही. गर्दीत घुसून डावीकडंच बसले.

पोरगी परवा गेली. तिला विमानतळावर सोडताना मी मुद्दाम उजवा हात पुढं केला. दोघींना सवय नाही, कपाळावर कपाळ आपटलं. ती इथल्या पोरांसारखं म्हणाली, "स्वीट ॲज, मम, जमेल." कागद दुकानातलेच आहेत. हे कुणाला पाठवायचं नाही, आणि पोरीला मराठी वाचता येत नाही ते एका अर्थी बरंच आहे. खिसा मी अजून उसवलेला नाही. ह्यांनी आत्ताच आतनं विचारलं, बत्ता कुठंय, लसूण ठेचायचाय. मी म्हटलं, बघते. माझ्या कमरेलाच आहे.